काळा आजार आणि भागीदारीचा हिशेब



काळा आजार हें नांव मराठी कानांना परकें वाटत नाहीं. 'काळा' हा शब्द आपला आणि 'आजार' हाहि आपल्या रोजच्या बोलण्यांतला. तरी हा रोग महाराष्ट्राचा नव्हे. त्याचें घर गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या कांठीं, बंगाल, आसाम आणि बिहार या प्रांतांत. ताप येतो, जातो, पुन्हां येतो. पानथरी वाढून पोट पुढें येतें, हातपाय काड्यांसारखे होतात, अंगाची कांति काळवंडते. आणि औषध न मिळाल्यास बहुतेक रोगी दगावतात. वाळूमाशी नांवाची एक बारीक माशी हा रोग पसरविते. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गुरांच्या गोठ्यांतील ओल तिला मानवते. म्हणजे हा गरिबाच्या घरांत शिरणारा रोग. आणि गरिबाच्या रोगावर औषध शोधण्याची घाई बाजाराला कधींच नसते.

अशा उपेक्षित रोगांवरील संशोधन एकट्या देशाच्या हातून क्वचितच पार पडतें. रोगी एका देशांत असतात, प्रयोगशाळा दुसऱ्या देशांत असते आणि पैसा तिसऱ्याच देशांत असतो. तेव्हां भागीदारी करावीच लागते. प्रश्न एवढाच कीं, ती न्यायाची कशी व्हावी? आपल्या खेड्यांत अर्धेलीनें शेत करण्याची चाल आहे. बैल कोणाचे, बियाणें कोणाचें, आणि खळ्यावर रास पडल्यावर कोणीं किती न्यावें, हें सारें पेरणीपूर्वीं ठरतें. मळणी झाल्यावर मालक हात उचलून जें देईल तें घेणें, याला अर्धेली म्हणत नाहींत. त्याला बक्षिसी म्हणतात. हा भेद मनांत ठेवून आपण या एका रोगाची शेंदोनशें वर्षांची हकीकत पाहूं.

बंगालमध्यें जेसोर जिल्ह्यांत १८२४-२५ च्या सुमारास एका विलक्षण तापाची साथ आली, ती या रोगाची पहिली ठळक नोंद मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा ताप ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतून वर सरकत गेला. आसामांतील नौगांव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान सुमारें एक चतुर्थांशानें घटली. हा आंकडा नुसता वाचून पुढें जाऊं नये. दर चार माणसांमागें एक माणूस नाहींसें झालें, असा त्याचा अर्थ आहे. 

सरकारनें रोगाचें कारण शोधण्यास तज्ज्ञ धाडले. जाइल्स यांनीं १८९० च्या सुमारास आंतड्यांतील अंकुशकृमींना दोष दिला. पुढें लेनर्ड रॉजर्स यांनीं हा हिवतापाचाच एक तीव्र प्रकार आहे, असें मत दिलें. दोघेहि विद्वान होते, दोघेहि चुकले. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. चुकत चुकतच शास्त्र पुढें जातें. पण या चौकशींत प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा आणि उत्तराची पारख करणारा हे तिघेहि एकाच बाजूचे होते. ज्यांचीं गांवें ओस पडलीं, त्यांना तेथें बसावयास जागा नव्हती.

खरा जंतु १९०३ सालीं सांपडला, तोहि दोन ठिकाणीं. कलकत्त्याजवळ डमडमच्या छावणींत आजारी पडलेला एक गोरा शिपाई १९०० सालीं इंग्लंडांत नेटली येथील लष्करी इस्पितळांत मरण पावला होता. त्याच्या प्लीहेंतील द्रव कांचपट्टीवर घेऊन विल्यम लीशमन यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला आणि त्यांत दिसलेल्या चमत्कारिक कणांविषयींचा लेख मे १९०३ मध्यें छापला. इकडे मद्रासच्या सरकारी इस्पितळांत चार्लस डॉनव्हन हे कलकत्त्यास जन्मलेले आयरिश डॉक्टर काम करीत होते. त्यांना तेच कण आपल्या रोग्यांत आढळले, आणि नुसत्या मृतांत नव्हे तर जिवंत रोग्याच्या प्लीहेंतहि आढळले. त्यांनीं आपल्या कांचपट्ट्या लिव्हरपूलला रोनाल्ड रॉस यांच्याकडे आणि पॅरिसला लॅव्हरां यांच्याकडे धाडल्या. पहिला मान कोणाचा यावर वाद झाला. शेवटीं रॉस यांनीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दोघांचीहि नांवें जोडून जंतूला 'लीशमानिया डॉनव्हनी' असें नांव दिलें.

मी आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. हीं दोन नांवें आणि हें एक साल मुलांकडून पाठ करून घेण्याजोगें आहे. पण त्यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, मद्रासेंत लागलेल्या शोधाचा निवाडा मद्रासेंत झाला नाहीं. तो समुद्रापलीकडे झाला. दुसरी ही कीं, डॉनव्हन यांना न्याय मिळाला, कारण त्यांना पत्र लिहितां येत होतें, लेख छापतां येत होता आणि आपला हक्क मागतां येत होता. ज्या रोग्यांच्या रक्तानें त्या कांचपट्ट्या रंगल्या, त्यांना यांतलें कांहींच करतां येत नव्हतें.

जंतु सांपडला, पण औषध कोठें होतें? त्याची वाट ब्राझिलांतून आली. गास्पार व्हियाना या तरुण ब्राझिली डॉक्टरानें याच जातीच्या जंतूनें होणाऱ्या त्वचेच्या व्रणांवर १९१२ च्या सुमारास टार्टर एमेटिक हें अँटिमनीचें क्षार टोचून पाहिलें आणि गुण आला. दोन वर्षांनीं, तिशी गांठण्यापूर्वींच, हा बुद्धिमान माणूस वारला. १९१५ सालीं सिसिली बेटांत दि क्रिस्टिना व कारोनिया या दोघांनीं तें औषध काळ्या आजारावर वापरलें, आणि त्याच वर्षीं कलकत्त्यास रॉजर्स यांनींहि वापरलें. ब्राझिल, सिसिली आणि बंगाल यांच्यांत कसलाहि करारमदार झालेला नव्हता. छापलेलें ज्ञान सर्वांना खुलें होतें, एवढ्यावर हें काम झालें. खुलें ज्ञान ही भागीदारीची पहिली पायरी होय, आणि ती लहान नाहीं.

परंतु टार्टर एमेटिक विषारी होतें. महिनेच्या महिने सुया टोचून घ्याव्या लागत आणि पुष्कळ रोगी मध्येंच उपचार सोडून जात. येथें उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचें नांव येतें. कलकत्त्याच्या कॅम्बेल इस्पितळांत त्यांना कामासाठीं एक लहानशी खोली मिळाली होती. तिच्यांत नळाचें पाणी नव्हतें, गॅस नव्हता, विजेचा दिवा नव्हता. पैशाची मदत इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या १९११ सालीं स्थापन झालेल्या संस्थेकडून मिळाली. त्या खोलींत कंदिलाच्या उजेडांत रात्रीं जागून त्यांनीं १९२० च्या सुमारास यूरिया स्टिबामीन हें अँटिमनीचें नवें संयुग तयार केलें आणि १९२२ सालीं त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. महिन्यांचा उपचार आठवड्यांवर आला. आसामांत त्याचा सरसकट उपयोग सुरू झाल्यावर मृत्यूंची संख्या झपाट्यानें उतरली. नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव सुचविलें गेलें होतें. तें त्यांना मिळालें नाहीं. १९४६ सालीं ते वारले.

ब्रह्मचारी यांची गोष्ट मी अभिमानासाठीं सांगत नाहीं, हिशेबासाठीं सांगतों. पश्चिमेकडून विद्या यावी आणि इकडून फक्त रोगी पुरवावेत, अशी एक समजूत आजहि पुष्कळांच्या मनांत बसली आहे. ती खोटी आहे, हें या खोलीनें शंभर वर्षांपूर्वींच सिद्ध केलें. त्या कामाला पैसाहि याच देशाच्या संशोधननिधींतून मिळाला होता. ज्याचें बियाणें स्वतःचें असतें, त्याला वाटणीच्या वेळीं मान खालीं घालावी लागत नाहीं.

आतां एक कठीण प्रकरण. हा रोग वाळूमाशी पसरविते असा तर्क १९२४ पासून बळावला होता. पण माशीनें चावून माणसाला रोग होतो हें प्रत्यक्ष दाखवितां येत नव्हतें. शेवटीं १९४२ सालीं स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या तिघांनीं आसामांत तें सिद्ध केलें. पांच स्वयंसेवकांना रोगी माश्यांकडून चावविण्यांत आलें आणि रोग जडला. वीस वर्षें अडलेला प्रश्न सुटला, आणि पुढील सर्व प्रतिबंधक उपाय त्याच ज्ञानावर उभे राहिले. शास्त्रज्ञांचीं तीन नांवें ग्रंथांत आहेत. ज्या पांच जणांनीं आपलें अंग पुढें केलें, त्यांचीं नांवें कोणी पाठ करीत नाहीं. त्यांना काय सांगितलें होतें, नाहीं म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हे प्रश्न विचारण्याची तेव्हां रीत नव्हती. माणसांवरील प्रयोगांचे नीतिनियम सांगणारी हेलसिंकीची घोषणा १९६४ सालची. आणि प्रयोग संपल्यावर त्यांत भाग घेतलेल्या रोग्याला सिद्ध झालेला उत्तम उपचार मिळालाच पाहिजे, हें कलम तींत २००० सालीं आलें. 

पुढें हिवतापाच्या मोहिमेंत घरोघर डीडीटी फवारलें गेलें आणि वाळूमाश्याहि त्याबरोबर मेल्या. काळा आजार गेला असें वाटूं लागलें. फवारणी थांबली आणि १९७० नंतर तो बिहारांत परत आला. १९९२ सालीं भारतांत सुमारें ७७ हजार रोग्यांची आणि चौदाशेंहून अधिक मृत्यूंची सरकारीं नोंद झाली. त्यांतच अँटिमनीचीं औषधें निकामी होऊं लागलीं. मुझफ्फरपूरच्या बाजूस निम्म्याहून अधिक रोग्यांना त्यांचा गुण येईना. नवें औषध हवें होतें, आणि जगाच्या औषधशाळा दुसरीकडे पाहत होत्या. १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगांत १३९३ नवीं औषधद्रव्यें बाजारांत आलीं; त्यांपैकीं उष्ण कटिबंधांतील रोग आणि क्षय मिळून सर्वांसाठीं केवळ १६ होतीं.

या काळांत तीन औषधें बिहारांत तपासलीं गेलीं. त्या तिघांच्या तीन तऱ्हा पाहिल्या म्हणजे न्यायाची भागीदारी कशाला म्हणावें तें स्पष्ट होतें.

पहिलें मिल्टेफोसिन. हें जर्मनींत कर्करोगासाठीं सिद्ध केलेलें द्रव्य. जागतिक आरोग्य संघटनेशीं संलग्न असा, उष्ण कटिबंधांतील रोगांच्या संशोधनाचा एक कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. त्याच्या आणि एका जर्मन कंपनीच्या सहकार्यानें बिहारच्या रोग्यांवर त्याच्या चांचण्या झाल्या. मोठ्या चांचणींत २९९ रोग्यांना हें औषध दिलें आणि शेंकडा ९४ बरे झाले. काळ्या आजारावरील हें पहिलें पोटांत घेण्याचें औषध. २००२ सालीं भारतांत त्याला मान्यता मिळाली. येथपर्यंत सर्व ठीक. आतां पुढचा भाग ऐका. अमेरिकेंत २००७ सालीं एक कायदा झाला. उपेक्षित रोगावरील औषधाला तेथें मान्यता मिळविणाऱ्या कंपनीला एक परवाना मिळतो. त्याच्या जोरावर दुसऱ्या एखाद्या औषधाची तपासणी लवकर करून घेतां येते, आणि हा परवाना विकतांहि येतो. हेतु चांगला होता. मिल्टेफोसिन तोंवर हातोंहातीं जाऊन कॅनडांतील नाइट थेराप्युटिक्स या कंपनीकडे आलें होतें. २०१४ सालीं तिला अमेरिकन मान्यता आणि तो परवाना मिळाला, आणि त्याच वर्षीं तिनें तो गिलियड या कंपनीला साडेबारा कोटी डॉलरांस विकला. कायद्याविरुद्ध कांहींच झालें नाहीं. पण ज्या बिहारी रोग्यांच्या अंगावर त्या औषधाचा गुण सिद्ध झाला, त्यांच्या देशाला औषध स्वस्त मिळावें किंवा वाटा मिळावा, अशी अटच त्या कायद्यांत नव्हती. रास पडली, आणि पेरणीला आलेल्यांचा खळ्यावर पत्ताच नव्हता.

दुसरें पॅरोमोमायसिन. हें १९५० नंतरच्या दशकांतलें जुनें औषध. त्यांत नफा नाहीं म्हणून पडून राहिलेलें. वनवर्ल्ड हेल्थ या नफा न घेणाऱ्या अमेरिकन संस्थेनें तें उचललें आणि गेट्स यांच्या दाननिधीच्या मदतीनें बिहारांत ६६७ रोग्यांवर चांचणी केली. शेंकडा ९४ हून अधिक बरे झाले आणि २००६ सालीं भारतांत मान्यता मिळाली. येथें औषध तयार करण्याचें काम हैदराबादच्या एका भारतीय कारखान्याकडे दिलें गेलें आणि किंमत उत्पादनखर्चाच्या जवळ ठेवण्याचें ठरलें. म्हणजे औषध करण्याची विद्याहि येथेंच राहिली. हें मी अर्धेलीचें उदाहरण समजतों.

तिसरें चरबीच्या सूक्ष्म कणांत घातलेलें अँफोटेरिसिन. त्याची एकच मात्रा पुरते, हें बिहारांतील चांचणींत दिसून आलें आणि २०१० सालीं प्रसिद्ध झालें. औषध अतिशय महाग. उत्पादक कंपनीनें, म्हणजे वर सांगितलेल्या गिलियडनेंच, २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटनेमार्फत पांच वर्षांत ४ लाख ४५ हजार कुप्या फुकट देण्याचें मान्य केलें. या देणगीनें असंख्य प्राण वांचले आहेत आणि तिचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. तरीहि देणगी ती देणगी. ती देणाऱ्याच्या इच्छेवर चालते, आणि तिच्यावर एका देशाची आरोग्यव्यवस्था कायमची उभी करतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, अटी फार घातल्या तर गरिबांच्या रोगाकडे कोणी फिरकणारहि नाहीं. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण त्याला पॅरोमोमायसिननें उत्तर दिलें आहे, आणि २००३ सालीं जिनिव्हा येथें स्थापन झालेल्या एका संस्थेनेंहि दिलें आहे. उपेक्षित रोगांसाठीं औषधें शोधणाऱ्या या संस्थेच्या संस्थापकांत 'सीमा न मानणारे डॉक्टर' ही सेवासंस्था आणि पॅरिसची पाश्चर संस्था आहेत. त्यांच्या शेजारीं आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ब्राझिलची ओस्वाल्दो क्रूझ संस्था, केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था आणि मलेशियाचें आरोग्यखातें हींहि आहेत. ज्यांच्या घरांत रोग आहे ते येथें प्रारंभापासूनच बैठकीस बसले. त्याच वर्षीं सुदानांत खार्टूम येथें सुदान, इथिओपिया, केनिया आणि युगांडा यांच्या संशोधकांनीं काळ्या आजारासाठीं एक सामाईक मंडळ उभें केलें.

याचा उपयोग काय झाला तें पहा. भारतांत अँफोटेरिसिनची एक मात्रा पुरते, मग आफ्रिकेंतहि तीच द्यावी, असें दुरून सहज वाटेल. आफ्रिकेंत प्रत्यक्ष चांचणी केली तेव्हां तेथें ती पुरली नाहीं. जंतु त्याच जातीचा, पण मुलूख वेगळा आणि माणसाचें शरीर देत असलेलें उत्तर वेगळें. आफ्रिकेंतील या संशोधकांनीं अँटिमनी आणि पॅरोमोमायसिन यांचा सतरा दिवसांचा जोड-उपचार तपासून दिला, आणि २०१० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या प्रदेशासाठीं त्याची शिफारस केली. तेव्हां न्यायाची भागीदारी ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. ज्याच्या घरांत रोग आहे त्याला विचारलें नाहीं, तर शास्त्रहि चुकतें. जाइल्स आणि रॉजर्स यांच्या काळीं चुकलें होतें, तसेंच.

फळहि दिसूं लागलें आहे. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनीं २००५ सालीं हा रोग हटविण्याचा संयुक्त करार केला, कारण वाळूमाशी सरहद्द ओळखत नाहीं. २०२३ सालीं बांगलादेश हा काळा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून नाहींसा करणारा जगांतील पहिला देश ठरला. त्याच वर्षीं भारतांतील नव्या रोग्यांची संख्या एक हजाराच्या आंत होती. एके काळीं ती ७७ हजार होती. पूर्व आफ्रिकेंत मात्र हा रोग अद्याप जोरांत आहे.

तेव्हां पुढील कोणत्याहि करारावर सही करण्यापूर्वीं कांहीं साध्या गोष्टी कागदावर याव्यात. संशोधनाचा प्रश्न कोणीं ठरविला? रोग्यांच्या रक्ताचे नमुने कोणाच्या ताब्यांत राहतील? लेखावर कोणाचीं नांवें येतील? औषध सिद्ध झाल्यावर तें कोठें तयार होईल आणि कोणत्या किमतीस मिळेल? आणि तें हक्क कंपनीनें दुसऱ्यास विकले, तर या अटी विकत घेणाऱ्यावरहि बंधनकारक राहतील काय? हा शेवटचा प्रश्न मिल्टेफोसिननें आपल्याला शिकविला. आपल्या बाजूनेंहि एक अट पाळावयास हवी: आपलें बियाणें आपण आणलें पाहिजे. स्वतःच्या गरिबांच्या रोगावर स्वतःचा पैसा न खर्चणाऱ्या देशानें वाटणींत अन्याय झाला म्हणून ओरडण्यांत फारसें बळ राहत नाहीं.

आसामांतील त्या पांच स्वयंसेवकांशीं असा करार कोणीं केला नव्हता. बिहारच्या त्या २९९ रोग्यांशीं अर्धामुर्धा झाला. यापुढें ज्या कोणा गांवांत एखादा डॉक्टर नवें औषध घेऊन जाईल, तेथल्या माणसाला आपला वाटा काय हें सुई टोचण्यापूर्वीं कळावें, एवढीच या इतिहासाची आपल्याकडे मागणी आहे. ती फार मोठी नाहीं.